त्याला आमचे दुःख कळते का? – बौद्धिक अक्षम मुले आणि समानुभूतीची वाढ

काही महिन्यांपूर्वी चौल परिसरातील एका ख्रिस्ती कुटुंबाला भेट देण्याचा प्रसंग आला. नारळी-पोफळीच्या वाडीतले कौलारू घर. घरातील वृद्ध आजींचे निधन होऊन आठवडा झाला होता आणि संध्याकाळच्या रोझरीसाठी शेजारीपाजारी ओटीवर जमले होते. त्या घरातील अकरा वर्षांचा मुलगा डाउन सिंड्रोम घेऊन जन्माला आलेला आहे. प्रार्थना चालू असताना तो मध्येच मोठ्याने हसला आणि टाळ्या वाजवू लागला. एका नातेवाइकाने त्याच्या आईला खुणेनेच सांगितले, "त्याला आत ने." आई निमूटपणे उठली, मुलाला घेऊन आत गेली आणि प्रार्थना संपेपर्यंत बाहेर आली नाही.

आम्ही निघताना ती माउली अंगणापर्यंत आली. "फादर, सासूबाईंनी त्याला अंगाखांद्यावर वाढवलं. त्या गेल्या आणि हा हसतो. याला आमचं दुःख कळतच नाही का हो? उद्या मी गेले तरी हा असाच हसेल का?"

आम्ही काही उत्तर देण्यापूर्वीच मुलाची आत्या म्हणाली, "वहिनी, असं काय बोलता? रोज रात्री जेवायच्या वेळी आईचं ताट कोण मांडतं?" मग आम्हाला समजले की, गेले आठ दिवस तो मुलगा न चुकता आजीचे ताट तिच्या जागेवर मांडीत होता आणि घरचे ते न चुकता उचलून ठेवीत होते.

(कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.)

त्या आईचा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे अनेक पालक तो मनात बाळगून असतात. परंतु कोणाला विचारण्याचे धाडस त्यांना होत नाही. म्हणून आज या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करू या.

प्रथम शब्दांविषयी

आपल्याकडे अशा मुलांना वर्षानुवर्षे 'मतिमंद' म्हटले गेले. १९९५च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यातही त्याच अर्थाची संज्ञा होती. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ती बदलली आणि 'बौद्धिक अक्षमता' किंवा 'बौद्धिक दिव्यांगता' हा शब्द रूढ झाला. २०११च्या जनगणनेत जुन्याच संज्ञेखाली देशभरात १५ लाखांहून अधिक अशा व्यक्तींची नोंद झाली होती.

बौद्धिक अक्षमता म्हणजे मानसिक आजार नव्हे. मनोरुग्णता कोणत्याही वयात उद्भवू शकते व औषधोपचाराने बरी होऊ शकते. बौद्धिक अक्षमता ही मुलाच्या वाढीच्या काळातच दिसून येणारी अवस्था आहे. शिकणे, तर्क करणे, समस्या सोडविणे यांची गती कमी असते आणि त्याबरोबरच दैनंदिन व्यवहारात, म्हणजे बोलणे, पैशांची देवघेव, स्वतःची निगा, लोकांत वावरणे यांत अडचणी येतात. केवळ बुद्ध्यंक ७०च्या खाली आहे एवढ्यावरून निदान होत नाही. व्यवहारातील अडचणही पाहावी लागते. यांतील बहुसंख्य मुलांची अक्षमता सौम्य स्वरूपाची असते. डाउन सिंड्रोमसारखे गुणसूत्रांतील बदल, जन्मावेळी प्राणवायू कमी पडणे, मेंदूज्वर, आयोडीनची कमतरता अशी तिची कारणे अनेक आहेत. पुष्कळदा कारण सापडतही नाही.

दुसरा शब्द 'समानुभूती'. सहानुभूती आपल्या चांगल्या परिचयाची आहे. दुसऱ्याचे दुःख पाहून आपल्याला वाईट वाटते, ती सहानुभूती. तिच्यात आपण काठावर उभे असतो. दुसऱ्याला आतून काय वाटत असेल ते त्याच्या जागी जाऊन जाणणे, ही समानुभूती. लाझरसच्या कबरीजवळ प्रभू येशूने मार्था व मरियेची केवळ विचारपूस केली नाही. आपण लाझरसला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही त्यांच्या रडण्यात तो सहभागी झाला आणि रडला. समानुभूतीचा अर्थ समजून घेण्यासाठी ख्रिस्ती माणसाला याहून वेगळी व्याख्या नको.

समानुभूतीचे तीन पदर

अभ्यासक समानुभूतीचे साधारणपणे तीन पदर सांगतात. पहिला पदर भावना झिरपण्याचा. एका तान्ह्या बाळाचे रडणे ऐकून दुसरे तान्हे बाळ रडू लागते. तेथे विचार नसतो, पण दुसऱ्याच्या दुःखाचा स्पर्श असतो. दुसरा पदर समजण्याचा. समोरच्याला काय वाटते, का वाटते, त्याला काय ठाऊक आहे व काय ठाऊक नाही, हे ओळखणे. तिसरा पदर कृतीचा. जवळ जाणे, पाठीवर हात ठेवणे, पाणी आणून देणे.

सर्वसाधारण मुलात दीड-दोन वर्षांच्या वयात तिसऱ्या पदराची चाहूल लागते. आई रडताना दिसली की मूल आपली बाहुली तिच्या हाती देते. आपल्याला जे आवडते तेच आईलाही बरे करील, अशी त्याची समजूत असते. आईला बाहुली नको आहे हे उमजायला आणखी एक-दोन वर्षे जातात. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळा, प्रसंगी चुकीचाही समज असू शकतो, हे चौथ्या वर्षाच्या आसपास कळू लागते.

हे तिन्ही पदर एकाच वेळी, एकाच गतीने वाढत नाहीत. एखाद्याचा पहिला व तिसरा पदर भक्कम असू शकतो आणि दुसरा कच्चा. चौलच्या त्या मुलाकडे या दृष्टीने पाहा. रोझरीला जमलेल्यांच्या मनात काय चालले आहे आणि अशा वेळी कसे वागायचे असते, हे त्याला उमगले नाही. घर माणसांनी भरले की सण असतो, हा त्याचा अनुभव. म्हणून तो हसला. परंतु आजीच्या रिकाम्या जागेची बोच त्याला होती आणि त्या बोचेवर त्याच्या परीने त्याने कृतीही केली होती. आईने हसणे पाहिले आणि तिला ताट दिसले नाही. तिचा दोष नाही. लोकांच्या नजरांनी तिला हसणेच पाहायला शिकविले होते.

अभ्यास काय सांगतो?

लंडनमधील सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली व उटा फ्रिथ या संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या विषयात फार गाजला. दोन बाहुल्या असतात, सॅली व ॲन. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. तिच्या माघारी ॲन ती गोटी काढून डब्यात लपविते. सॅली परत येते. आता ती गोटी कोठे शोधील? गोटी डब्यात आहे हे मुलाने पाहिलेले असते. सॅलीने ते पाहिलेले नाही. 'टोपलीत' असे उत्तर देणाऱ्या मुलाला स्वतःचे ज्ञान बाजूला ठेवून सॅलीच्या मनात डोकावावे लागते.

सर्वसाधारण वाढ असलेल्या २७ लहान मुलांपैकी २३ जणांनी बरोबर उत्तर दिले. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेल्या २० मुलांपैकी फक्त ४ जणांना ते जमले. आणि डाउन सिंड्रोम असलेल्या १४ मुलांपैकी १२ जणांनी बरोबर उत्तर दिले! या मुलांचे सरासरी वय अकराच्या आसपास होते, पण भाषेची जाण तीन वर्षांच्या मुलाइतकीच होती. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत डाउन सिंड्रोमच्या मुलांचे आकडे इतके उजळ आले नाहीत. तरीही एक गोष्ट त्या प्रयोगाने कायमची दाखवून दिली. बुद्धीची गती कमी आहे म्हणून दुसऱ्याचे मन जाणण्याचे दार बंदच असते, हा आपला समज चुकीचा आहे.

२००३ साली अमेरिकेत कॉनी कसारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास आपल्या प्रश्नाच्या आणखी जवळ जातो. एका मोठ्या माणसाने आपल्याला लागल्याचे नाटक केले, तेव्हा डाउन सिंड्रोम असलेली मुले त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष देऊन पाहत होती, त्याचे सांत्वन करण्यासाठी पुढेही येत होती. परंतु गोष्टीतल्या एखाद्या पात्राच्या दुःखाशी आपली भावना जुळवून घेताना तीच मुले अडखळली. समोर असलेले दुःख त्यांना स्पर्श करते. कल्पनेतले दुःख हाती लागत नाही. पालकांनी व धर्मशिक्षकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण आपण या मुलांना बहुतेक वेळा गोष्टी सांगून शिकवू पाहतो.

सर्व मुले अर्थातच एका साच्याची नसतात. विल्यम्स सिंड्रोम असलेली मुले अनोळखी माणसालाही मिठी मारतील इतकी प्रेमळ असतात, पण त्याचा हेतू त्यांना ओळखता येत नाही. ऑटिझम असलेले मूल दुसऱ्याच्या रडण्याने इतके व्याकूळ होऊ शकते की, कानावर हात ठेवून पळूनच जाते. आपण त्याला निष्ठुर म्हणतो. ऑटिझम असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली एक मार्मिक मुद्दा मांडला. ही दरी दोन्ही बाजूंनी असते. त्याला आपले मन कळत नाही असे आपण म्हणतो, पण त्याचे मन आपल्याला तरी कोठे कळते?

वाट कोठे अडते?

या मुलांची समानुभूती वाढताना अडते, त्याची कारणे बहुतेक साधी आहेत. भावनेसाठी शब्द नसतात. समोरच्या चेहऱ्यावरील बदल टिपून त्याचा अर्थ लावायला वेळ लागतो आणि तोवर प्रसंग निघून जातो. काल काय झाले ते आज आठवत नाही, म्हणून अनुभवाची शिदोरी हळूहळू साठते. डाउन सिंड्रोमच्या पुष्कळ मुलांना कमी ऐकू येते किंवा नीट दिसत नाही. आईचा हुंदका कानांवरच पडला नाही, तर मूल वळून पाहणार कसे? म्हणून कान व डोळे तपासून घेणे हे पहिले काम.

मात्र सर्वांत मोठे कारण मुलाच्या मेंदूत नसून आपल्या घरात असते. आपण त्याला प्रसंगांपासून दूर ठेवतो. मयताच्या घरी नेत नाही, लग्नात मागे बसवितो, घरात भांडण झाले की त्याला वाडीत पाठवितो. त्याच्यासाठी सर्वजण सर्व काही करतात आणि त्याला कोणासाठी काहीच करू देत नाहीत. ज्याला केवळ घेण्याची सवय लावली, तो देण्यास कसा शिकेल?

यामागे प्रेमाबरोबर लाजही असते, हे आपण कबूल केले पाहिजे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे? प्रभूने दोघांनाही दोषमुक्त केले. दोन हजार वर्षांनंतरही आपल्या गावांत तोच प्रश्न कुजबुजत विचारला जातो, ही आपल्या धर्मशिक्षणाची उणीव आहे.

घरी काय करता येईल?

चौलच्या खाडीपलीकडे कोर्लई गाव आहे. तेथील आपले ख्रिस्ती बांधव घरात जी बोली बोलतात, तिला ते 'नौ लिंग' म्हणजे 'आमची भाषा' म्हणतात. पोर्तुगीज व मराठी यांच्या सहवासातून जन्मलेली ही बोली जेमतेम एका गावापुरती आहे. १७४० साली पोर्तुगीजांची चौलवरील सत्ता संपली. त्यानंतर या बोलीला ना शाळा होती ना छापखाना. तरीही ती पावणेतीनशेहून अधिक वर्षे टिकली, कारण आया आपल्या बाळांशी तीच बोलत राहिल्या. समानुभूतीही अशीच मातृभाषा आहे. आपल्याशी जी बोलली जाते ती मुलाला येते. बौद्धिक अक्षम मुलाला ती अधिक वेळा, अधिक सावकाश आणि अधिक सोप्या वाक्यांत ऐकावी लागते, एवढाच फरक.

ज्युडी डन या अभ्यासक महिलेने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांतून हेच पुढे आले. ज्या घरांत लहान मुलांशी भावनांविषयी बोलले जाते, त्या घरांतील मुलांना पुढे दुसऱ्यांच्या भावना अधिक चांगल्या कळतात. हे निरीक्षण सर्वसाधारण मुलांचे असले तरी विशेष शिक्षकांचा अनुभवही याच दिशेचा आहे. त्या अनुभवातून काही सूचना येथे देत आहोत.

मुलाच्या भावनेला त्याच क्षणी नाव द्या. "तुझा चेंडू विहिरीत पडला. तुला वाईट वाटलं." स्वतःची भावना ज्याला ओळखता येते, त्यालाच दुसऱ्याची ओळखता येते. आनंद, दुःख, राग, भीती या चार शब्दांपासून सुरुवात करावी. आरशात पाहून तोंडे करण्याचा खेळ आणि घरातल्या माणसांचे हसरे-रडके फोटो यांचा चांगला उपयोग होतो.

आपली भावना लपवू नका. पालक मुलासमोर रडत नाहीत. न्हाणीघरात जाऊन रडतात. त्याऐवजी साध्या शब्दांत सांगावे, "आजीची आठवण आली. मी रडतेय. थोड्या वेळानं बरं वाटेल." मात्र "तू जेवला नाहीस तर आई मरेल" असली भीती कधी घालू नये. त्यातून समानुभूती वाढत नाही, अपराधीपणा वाढतो.

प्रसंगातून शिकवा. धाकट्या बहिणीचा गुडघा फुटला आहे, तीच वेळ आहे. "बघ, रक्त आलं. तिला दुखतंय. आपण काय करू या?" एवढे विचारून थांबावे. दहा-पंधरा सेकंद तरी थांबावे. आपण घाईने उत्तर देतो आणि त्याची संधी हिरावून घेतो. त्याने काहीच केले नाही तर एकच ठरावीक कृती दाखवावी: पाणी आणणे किंवा हात धरणे. तीच कृती दहा वेळा करून घेतली की अकराव्या वेळी तो आपणहून उठतो.

कोणाची तरी काळजी घेण्याचे काम सोपवा. कोंबड्यांना दाणे टाकणे, रोपांना पाणी घालणे, आजोबांची काठी आणून देणे. कॅनडात मेरी गॉर्डन यांनी १९९६ साली सुरू केलेल्या एका शालेय उपक्रमात शेजारचे तान्हे बाळ आईसह नियमितपणे वर्गात आणले जाते आणि मुले बाळाला काय हवे असेल ते ओळखायला शिकतात. आपल्या वाड्यांत असे बाळ दोन घरे सोडून असतेच. मोठ्यांच्या देखरेखीखाली आपल्या मुलाला त्याच्याजवळ बसू द्यावे.

दुःखाच्या प्रसंगाची तयारी करून घ्या. मयताच्या घरी जाण्यापूर्वी सांगावे, "तिथे लोक रडत असतील. आपण हळू बोलायचं. तू मामीचा हात धरायचा." कंटाळला तर उठून जाण्याची जागाही आधीच ठरवून ठेवावी. मृत्यूविषयी 'आजी झोपली', 'आजी गावाला गेली' असे सांगू नये. हे मूल शब्दशः अर्थ घेते आणि वाट पाहत राहते. 'आजी मेली, ती आता परत येणार नाही, ती देवाजवळ आहे, आपण तिच्यासाठी प्रार्थना करू' असे सांगावे. आजीचे ताट मांडणाऱ्या मुलाला रागे भरू नये. त्या ताटाच्या जागी आजीचा फोटो व मेणबत्ती ठेवण्याचे काम त्याच्याकडे द्यावे.

मर्यादाही शिकवा. सर्वांवर विश्वास टाकणाऱ्या मुलाचा गैरफायदा घेणारे असतात, हे कटू सत्य आहे. मिठी कोणाला मारायची, नमस्कार कोणाला करायचा, अंगाला कोण हात लावू शकतो आणि 'नाही' कसे म्हणायचे, हे समानुभूतीच्या शिक्षणाइतकेच आवश्यक आहे.

भावंडांना विसरू नका. "आमच्यानंतर तूच त्याला बघायचंस," असे दहा वर्षांच्या बहिणीला रोज ऐकविणे हा तिच्यावर अन्याय आहे. तिलाही राग येतो, लाज वाटते, आईचा वेळ हवा असतो. तिच्या भावनेला घरात जागा मिळाली, तरच भावाच्या भावनेला तिच्या मनात जागा मिळेल.

शाळा आणि शासन

महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीच्या निमित्ताने जय वकील शाळा सुरू केली. शिवडीची ही शाळा आज देशातील नावाजलेल्या शाळांपैकी एक आहे आणि तेथे तयार झालेला अभ्यासक्रम 'दिशा' या नावाने राज्यातील इतर विशेष शाळांपर्यंत पोहोचला आहे. पुण्यात १९६४पासून कामायनी ही संस्था कार्यरत आहे. आपल्या रायगड जिल्ह्यात पेण येथे सुहित जीवन ट्रस्टची सुमंगल शाळा आहे. चौल-रेवदंड्याहून पेण रोज ये-जा करण्याइतके जवळ नाही, ही अडचण खरी. परंतु सल्ला व मूल्यमापन यांसाठी एकदा तरी विशेष शिक्षकांना भेटणे अत्यंत मोलाचे ठरते.

२०१६च्या कायद्यानुसार ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे, मग ती शाळा शेजारची असो वा विशेष. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमता येतो; त्यासाठी जिल्हास्तरावर समिती असते. याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. या सर्वांसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. लोक काय म्हणतील म्हणून प्रमाणपत्रच न काढणारी कुटुंबे आम्हाला ठाऊक आहेत. कृपया असे करू नका.

धर्मग्रामाची जबाबदारी

आता आपल्याकडे वळू. पोर्तुगीज काळात चौलच्या तटबंदीच्या आत इतर चर्चेसबरोबर 'मिझरिकोर्दिया'ही होती. १४९८ साली लिस्बनमध्ये राणी लिओनोर हिच्या आश्रयाने सुरू झालेल्या या बंधुसंघाच्या शाखा पोर्तुगीजांच्या ठाण्याठाण्यांत होत्या. आजाऱ्यांची शुश्रूषा, कैद्यांची भेट, बेवारस मृतांचे दफन अशी दयेची चौदा कृत्ये हे त्याचे ब्रीद. त्या काळात दोष व अन्याय पुष्कळ होते; पण दया ही केवळ भावना नसून वाटून घेण्याचे काम आहे, ही त्यामागची समज आजही खरी आहे. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर आज त्या वैभवाचे भग्न अवशेष उरले आहेत. दगड पडले तरी काम आपल्याकडे राहिले आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील एका दांपत्याला आपल्या दोन बौद्धिक अक्षम मुलांसह लूर्डच्या यात्रेला जायचे होते. यात्रेच्या आयोजकांनी त्या मुलांना सामावून घेण्यास नकार दिला. ते कुटुंब एकटेच गेले आणि एकटेच परतले. त्यांच्या वेदनेतून १९७१च्या पुनरुत्थान सणाला लूर्डमध्ये अशा कुटुंबांची मोठी यात्रा भरली व 'फेथ अँड लाइट' ही चळवळ जन्मली. मारी-हेलेन माथिए व ज्याँ व्हानिए यांनी तिचा पाया घातला. व्हानिए यांनी अनेक स्त्रियांचे शोषण केल्याचे त्यांच्या मृत्यूनंतर २०२० साली चौकशीत उघड झाले, हे दुःखाने नमूद केले पाहिजे. मोठ्या नावांपुढेही सावध राहावे, हा धडा त्यातून मिळतो. परंतु ती चळवळ त्या माता-पित्यांची होती आणि आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. बौद्धिक अक्षम व्यक्तींनाही त्यांच्या कुवतीनुसार धर्मशिक्षण मिळावे, ही जबाबदारी सभेच्या कायद्याने धर्मगुरूंवर सोपविली आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणविषयक मार्गदर्शिकेनुसार, तीव्र अक्षमता असलेल्या व्यक्तीही साक्रामेंतांच्या परिपूर्ण जीवनासाठी बोलाविलेल्या आहेत. म्हणून "त्याला काय कळणार?" असे म्हणून प्रथम ख्रिस्तप्रसाद नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही. हा नकार काही ठिकाणी आम्हा धर्मगुरूंकडूनच आलेला आहे, हे आम्ही मान्य करतो.

धर्मग्रामात काय करता येईल? धर्मशिक्षणाच्या वर्गात या मुलांना इतरांबरोबर बसवावे आणि प्रत्येकाच्या शेजारी एक मोठा मुलगा किंवा मुलगी सोबती म्हणून द्यावी. शुभवर्तमानातील प्रसंग सांगण्यापेक्षा करून दाखवावेत: पाय धुणे, भाकर मोडणे, दिवा लावणे. मिस्सात अर्पण घेऊन येण्याचे, घंटा वाजविण्याचे, शांतीची खूण देण्याचे काम त्यांना द्यावे. आजाऱ्यांच्या भेटीला जाताना त्यांना बरोबर न्यावे. आजाऱ्याचा हात धरून गप्प बसणे त्यांना आपल्यापेक्षा चांगले जमते. आणि मिस्सा चालू असताना एखादे मूल ओरडले, तर मागे वळून पाहू नये. त्या एका नजरेने किती कुटुंबे देवळापासून दुरावली आहेत, याची आपल्याला कल्पना नाही.

त्यातून इतर मुलांचे काय होईल, अशी काहींना शंका येते. आमचा अनुभव असा की, ज्या वर्गात असा एक सोबती असतो, त्या वर्गातील मुले वाट पाहायला, हळू बोलायला आणि न बोललेले ऐकायला शिकतात. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छप्पर उचकटून प्रभूपुढे उतरविले, तेव्हा प्रभूने त्या चौघांचा विश्वास पाहिला, असे शुभवर्तमान सांगते. ज्याला वाहून नेले तो आणि ज्यांनी वाहिले ते, कृपा सर्वांनाच मिळाली.

त्या आईला उत्तर

चौलच्या त्या घरी महिन्याच्या मिस्साला आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मुलगा आपल्या आत्याजवळ पुढे बसला होता. आजीच्या फोटोपुढची मेणबत्ती त्यानेच पेटविली. काडी दोनदा विझली, सर्वजण थांबले. प्रार्थनेच्या मध्यावर त्याची आई डोळे पुसू लागली. त्याने तिच्याकडे पाहिले, बराच वेळ पाहिले. मग उठून आत गेला आणि तांब्याभर पाणी घेऊन आला. निम्मे वाटेत सांडले होते.

"उद्या मी गेले तरी हा हसेल का?" असे त्या माउलीने विचारले होते. होय, कदाचित हसेलही. लोक जमलेले पाहून त्याला सणही वाटेल. परंतु त्या रात्री तो तिचेही ताट मांडील आणि तिच्या जागेकडे पाहत राहील. त्या वेळी ते ताट पाहणारे, ते का मांडले हे समजणारे आणि त्याच्यासाठी तांब्याभर पाणी आणणारे कोणीतरी त्याच्याजवळ असले पाहिजे. ते कोणीतरी घडविणे, हे आपल्या साऱ्या धर्मग्रामाचे काम आहे. येत्या रविवारी मिस्सानंतर आपल्या गावातील अशा एका घरी जाऊन यावे, एवढीच आमची वाचकांना विनंती.